फुटबॉलप्रेमी

'प्रेमी' या साध्या शब्दाने माझं डोकं एवढं फिरेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

नागपुरात धरमपेठेतल्या एका सभागृहात महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या इतिहासावर कार्यक्रम होता आणि मला सत्काराचं बोलावणं आलं. तरुणपणी मी देशाकडून खेळले होते. चला, कुणाला तरी आठवण आहे म्हणायची, असं मनाशी म्हणत ठेवणीतली साडी नेसून मी महाल भागातल्या घरून ऑटोने गेले. मंचावर हातात प्रमाणपत्र पडलं. त्यावर छापलं होतं, 'ज्येष्ठ फुटबॉलप्रेमी'. मागच्या फ्लेक्सवर संघाचा इतिहास होता, आणि तो सुरूच होत होता आम्ही खेळणं सोडल्यानंतर.

आमच्या वेळी बायकांच्या फुटबॉलची संघटना वेगळी होती. पुरुषांच्या मोठ्या संघटनेने आम्हाला पुढे पदरात घेतलं, आणि फ्लेक्स करणाऱ्यांनी तोच संघाचा जन्म धरला. मग त्याआधी मैदानात काय भुतं खेळत होती?

आमच्या जर्सी पुरुषांच्या, वापरलेल्या. माझी तर गुडघ्यापर्यंत यायची. पाठीवरचे आकडे घरून शिवून आणायला सांगितलं होतं. आईने वडिलांच्या जुन्या धोतरातून चारचा आकडा कापला आणि शिवता शिवता म्हणाली, "काहून वं, देशाकडून खेळाले चालली, अन् देशाले एक आकडा शिवता नाही आला?"

बाहेरच्या देशाच्या संघाशी खेळताना कोपर लागून माझा पुढचा दात पडला. सामना संपल्यावर जर्सी परत मागितल्या. मी कोपऱ्यात बसून उरलेल्या दातांनी टाके तोडले आणि चार काढून घेतला. जर्सी त्यांची होती, धोतर आमच्या घरचं.

तो चार त्या दिवशी माझ्या पर्समध्ये होता. मी शाल घ्यायला मान पुढे केलीच नाही. माझ्या मुलाच्या वयाचा आयोजक कानाशी आला.

"ताई, मागून बदलून देतो ना. लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. मी प्रेमी नाही गा, खेळाडू आहो."

"पण आमच्या रेकॉर्डमध्ये तसं नाही ना, ताई."

"माझा दात प्रेमात नाही पडला बाप्पा, मैदानात पडला!"

माइक चालू होता, हे मला सभागृह हसल्यावर कळलं. आताच्या संघात खेळणारी नागपूरचीच एक पोरगी पहिल्या रांगेत बसली होती. ती मात्र हसली नाही. उठून वर आली आणि सह्या देण्यासाठी आणलेला मार्कर तिने माझ्या हातात दिला. मी 'प्रेमी' खोडलं आणि वर 'खेळाडू' लिहिलं.

"खाडाखोड केली तं सर्टिफिकेट बाद होते, ताई," आयोजक कळवळून म्हणाला.

"होऊ दे. आम्हाले बाद व्हायची सवय आहे."

खरं तर रडू येत होतं, पण त्या माणसासमोर रडायचं नव्हतं. मी पदराची सेफ्टीपिन काढली, पर्समधला चार काढला आणि फ्लेक्सपाशी गेले. त्यावरच्या पहिल्या वर्षाच्या आधी त्यांनी बोटभरही जागा सोडली नव्हती. म्हणून तो चार मी त्या वर्षावरच टाचला. मग सुटा झालेला पदर कमरेला खोचला आणि म्हटलं, "हं, आता घाला शाल."