सुमनची जोडाजोड

लेकीच्या बायोडाटात मी माझ्या हातानं 'ब्रॉड-माइंडेड फॅमिली' असं लिहिलं, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा. ते खरं नव्हतं म्हणून नव्हे... कुणी वाचेल आणि खरं मानेल, हे डोक्यातच आलं नाही म्हणून!

लिहिलं ते सुमनवर जळून. सुमन माझी धाकटी जाऊ, चौसाळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. सव्वा महिन्यापूर्वी गेली. दवाखान्यातून निरोप आला तेव्हा मी मेथी निवडत होते, आणि पहिला विचार काय आला सांगू? हिच्यासाठी सगळं गाव रडणार, माझ्या वेळी इतकं रडेल का? सत्तरी ओलांडली तरी खोड जात नाही.

जो तो म्हणायचा, "मास्तरीणबाई लई ब्रॉड-माइंडेड हाय." मला कुणी म्हणायचं नाही. मी तेव्हा चाळिशीची, साडीला कडक इस्त्री आणि तोंडालाही. एकदा सुमन ओसरीवर पोरींना शिकवत होती. आधी कसं ते सांगा, मग मन, काळीज नाहीतर हात घ्या आणि जोडा. ओपन-माइंडेड, बिग-हार्टेड, ओपन-हँडेड. "आन् नॅरो जोडलं तर, बाई?" एकीनं विचारलं. सुमन हसली, "तर मन अरुंद. जोडणारानं आधी आत बघावं." मला वाटलं, माझ्याकडंच बघून हसली. दाराआड उभं राहून मी सगळे शब्द पाठ केले. नुसती जोडाजोडच तर आहे, त्याला मास्तरीण कशाला लागते!

बायोडाटा वाचून दिंद्रुडचं स्थळ आलं. पोहे देताना लेकीनं एकदाच वर पाहिलं आणि तिचं ठरलं, हे मला दिसलं. मग मुलाच्या आईनं शेजारच्या गृहस्थांकडं हात केला. "हे माझे दुसरे मालक. पैले वारले तवा पोरगं दोन वर्षांचं व्हतं." माझ्या हातातला चहाचा ट्रे तिथंच थांबला. "पत्रिका जुळत नाही," मी म्हणाले. पत्रिका अजून कुणी मागितलीसुद्धा नव्हती! बाई उठल्या. "तुमी लिव्हलं व्हतं, म्हणून धीर केला," एवढंच म्हणाल्या, आणि चहा न घेता मंडळी फाट्याकडं निघाली. लेकीनं आत जाऊन कडी लावून घेतली. मी? मी उरलेले पोहे संपवत बसले.

तासाभरानं सुमन त्यांना घेऊन परत दारात! आमचे मालक पुढं झाले, सुपारी फुटली, लग्न झालं, लेक सुखात आहे. "मास्तरीणबाईंनी जुळवलं," असं गाव म्हणत राहिलं आणि मी इतकी वर्षं जळत राहिले. लेक माझी, मोठेपणा हिचा! नातवंडंसुद्धा आधी तिच्या पाया पडायची... फाट्यावर त्यांना काय सांगितलंस, हे मी सुमनला कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तिचा शहाणपणा ऐकावा लागला असता.

परवा विहीणबाई भेटायला आल्या. सुमनच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. पदरानं डोळे पुसून त्यांनी माझा हात धरला.

"विहीणबाई, बीडच्या गाडीत पाय ठेवला व्हता आमी. मास्तरीणबाई धापा टाकत आल्या, म्हनल्या, 'माझ्या थोरल्या जावेनं पाठवलंय. बोलून गेली आन् आता रडत बसलीय, पन यायची लाज वाटती तिला.' तवाच मी ह्यांना म्हनलं, चला माघारी, बोलल्यावर रडणारी विहीण दुसरीकडं मिळायची न्हाई."