मनीषाचे बुधवार

गेल्या मंगळवारी मी शाळेत भांडायला गेले होते... अगदी पदर खोचून.

झालं असं की पाड्यावरच्या आमच्या मनीषाचं नाव शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीतून काढणार, असं कानावर आलं. 'आमच्या' म्हणायचं कारण, तिचं दप्तर, वह्या, बूट, रेनकोट सगळं दोन वर्षं मी करते. तिची आई जयवंती नंदाखाल गावातल्या आमच्या फुलांच्या वाडीत फुलं खुडायला येते. पोरगी अशी हुशार की मी भाजीवाल्याशी हिशेब करेपर्यंत हिचा तोंडी होतो!

जूनमध्ये तिला नवीन दप्तर देतानाचा फोटोही टाकला होता मी इथे. तुम्ही भरभरून कौतुक केलंत... खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं होतं.

तर शाळेत गेले. बाईंना म्हटलं, गरिबाच्या पोरीला संधी द्यायची सोडून नाव कसलं काढता? बिचाऱ्या बाई चिडल्या नाहीत. त्यांनी हजेरीपट माझ्यापुढे ठेवला.

"ताई, वह्या-दप्तर भरपूर आहे हो तिच्याकडे. पण सलग तीन बुधवार मुलगीच आली नाही. आमचे सराव पेपर बुधवारीच असतात. उद्याही नाही आली तर दुसऱ्या मुलीला घेईन."

मी लगेच मनातल्या मनात जयवंतीवर तोफ डागली. या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही वगैरे... आपल्याला सवयच असते ना!

तेवढ्यात माझा फोन वाजला. स्टेशनजवळचा आमचा फुलवाला. "काकी, उद्या माल जास्त पाठवा. परवा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, डहाळेपण हवेत."

मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला... आणि हजेरीपटाकडे बघतच राहिले. गुरुवारच्या पूजेची फुलं आम्ही बुधवारी खुडतो. महिनाभर दर बुधवारी जयवंतीला मीच बोलावत होते.

तरी पूर्ण उलगडा होईना. आई कामाला आली म्हणून मुलगी शाळा का बुडवेल? उठले आणि तशीच पाड्यावर गेले.

जयवंती दारातच होती, कडेवर दीड वर्षाची धाकटी. मी विचारलं तर तिला नवलच वाटलं.

"तुमच्याकडं यायचं आसतं ना काकी. छोटीला आनू नको म्हनलात तुम्ही... मंग मनीषा बगते तिला."

म्हटलं होतं मी. श्रावणात छोटीने तगरीच्या कळ्यांची अख्खी टोपली उपडी केली होती, तेव्हा वैतागून म्हटलं होतं. मी विसरूनही गेले. जयवंती विसरली नव्हती. इतर ठिकाणी ती छोटीला सोबत नेते, फक्त माझ्याकडे येताना घरी ठेवायची.

तिच्या आवाजात तक्रारीचा सूर असता तरी बरं वाटलं असतं हो... मला त्या दारात उभं राहवेना. एवढंच म्हटलं, "उद्या छोटीला घेऊन ये. आणि मनीषाला शाळेत पाठव."

बुधवारी छोटी आमच्या ओटीवर होती. तिने जास्वंदीच्या कळ्या चिरडल्या, डहाळ्यांच्या जुड्या सोडल्या, माझ्या चष्म्याची काडी वाकडी केली. माल तासभर उशिरा गेला आणि फुलवाल्याची बोलणी खाल्ली. माझी कंबर अजून दुखतेय!

दहाच्या सुमारास मनीषा आमच्या फाटकाशी आली. पाठीला तेच जूनमधलं दप्तर. छोटीला माझ्या मांडीवर बघून ती क्षणभर थांबली, खात्री करून घेतल्यासारखी... आणि मग शाळेच्या दिशेने जी धूम ठोकली पोरीने!

संध्याकाळी बाईंचा फोन आला. नाव यादीत राहिलं. मी फोन ठेवून चक्क रडले. आनंदही होता त्यात, पण लाज जास्त होती... आणि बाईंनी हजेरीपट दाखवला नसता तर मी आजही जयवंतीलाच बोल लावत बसले असते, म्हणून त्यांचे आभार.

दप्तर देतानाचा तो फोटो अजून माझ्या वॉलवर आहे. तो काढत नाही... पण ज्यांनी ज्यांनी त्याला लाईक केलं होतं, त्यांनी हेही वाचावं म्हणून लिहिलं. दप्तर मी दिलं होतं, आणि ते खुंटीला टांगूनही मीच ठेवलं होतं.