जोतिबा बरा हाय

आमच्या जाऊबाईंच्या माहेरच्या गावाचं नाव मी घेत नाही. घेतलं की दिवसभर तोंड कडू होतं. मिरजेच्या पलीकडं, जतच्या वाटेला, कुसळाशिवाय दुसरं काही न उगवणारं गाव, एवढं सांगते. बास झालं.

जाऊबाई म्हणजे राहीबाई. त्यांचे मालक आणि माझे मालक, दोघंही लढाईवर गेलेले. लोणंदजवळच्या खंडाळ्याकडं, ह्या घरात आम्ही दोघी जावा, म्हातारे सासरे आणि दोन बैलं. माझं तोंड पहिल्यापासून फाटकं. पुण्याच्या छावणीत राहून आले म्हणून बोलणंही जरा शहरी. जाऊबाई चिडवायच्या, "शाळामास्तरावानी बोलतीस गं विजयमाला!" त्या स्वतः मात्र गरीब गाय. कुणी काही बोललं तरी मान खाली. फक्त एका बाबतीत त्या कुणाला जुमानायच्या नाहीत, ते म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ जोतिबा.

जोतिबा जन्माचा मुका-बहिरा आणि डोक्यानं लहान. अंगानं बापई झाला, पण मन पोराचंच राहिलं. आईबाप गेल्यावर त्याचं रान भावकीतल्या चार घरांनी वाटून घेतलं आणि पंचांपुढं कबूल केलं, की पाळीपाळीनं त्याला भाकरी घालू. अमावस्या झाली की पाळी पुढच्या घरी. निजायला भैरोबाच्या देवळाची ओवरी आणि अंगावर एक घोंगडं. जाऊबाई म्हणाल्या होत्या, त्याला इकडंच आणू. तर सासरे म्हणाले, "खायला काळ आन् भुईला भार. ज्यांनी रान घेतलंय ती बगतील." ती बघतील म्हणे! बारभाईंचा कारभार, तिथं कोण कुणाला बघतंय?

दर भाऊबीजेला जाऊबाई जायच्या. ओवरीत पाट मांडून त्याला ओवाळायच्या. तो ताटात ओवाळणी म्हणून चिंचोका टाकायचा आणि त्यांच्या बांगड्या हलवून खिदळायचा. बांगड्यांचा आवाज त्याला कुठला ऐकू यायला, पण हलल्या की हसायचा. त्याच्यापुढं ओठ हलवून जाऊबाईंनी लहानपणापासून एकच शब्द घोकला होता. आ-क्का. आ-क्का. तो नुसता तोंड उघडायचा. ते चिंचोके जाऊबाईंनी पुरचुंडी बांधून कुंकवाच्या डबीमागं ठेवले होते.

मग लढाई लागली. पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशावर चालायला लागल्या, वाटेत बंद पडायला लागल्या. सासरे अंथरुणाला खिळले. लागोपाठ दोन भाऊबिजा हुकल्या. दसरा झाला की तिकडचा धुळा धनगर मेंढरं घेऊन फिरत फिरत आमच्या शिवारात यायचा. जाऊबाई बांधावर धावायच्या.

"धुळा, आमचा जोतिबा कसा हाय रं?"

"बरा हाय की आक्का. जेवतोय."

दोन्ही साली हेच. जेवतोय म्हणजे बरा आहे, ह्यावर त्या वर्ष काढायच्या.

तिसऱ्या साली सासरे वारले, आणि दसऱ्यानंतर धुळा ओरडतच आला. "आक्का, भैरोबा पावला! जोतिबाला वाचा फुटली!"

झालं होतं असं. चुलतभाऊ दादासोच्या घरची पाळी. त्याची लेक जर्मनची, अ‍ॅल्युमिनियमची, थाळी घेऊन ओवरीत गेली, तर घोंगड्यातून माणसाचा आवाज आला. पोरगी थाळी टाकून किंचाळत घरी. अख्खा गाव गोळा झाला. नारळ फुटले, गुलाल उधळला, आरती झाली. नंतर जोतिबा पुन्हा बोलला नाही, पण देवानं एकदा दिली ती पुन्हा देईल, म्हणून आसपासच्या वाड्यांतून माणसं नारळ घेऊन यायला लागली. पुजाऱ्याचं बरं चाललं होतं.

जाऊबाईंना त्या दिवशी भाकरी गेली नाही. चुलीपाशी बसून मला विचारतात, "मला आक्का म्हनंल का गं त्यो?"

मी म्हटलं, "म्हणेल की, न म्हणायला काय झालं?" माझ्या डोळ्यांतही पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

घर शेजाऱ्यांच्या हवाली केलं. लोणंदहून रेल्वे धरून मिरजेला उतरलो आणि पुढं मोटारीत कोळशाचा धूर खात भाऊबीजेच्या सकाळी गावात पोचलो. जाऊबाई भावकीत कुणाच्या दारी गेल्या नाहीत, पाणीसुद्धा प्याल्या नाहीत. थेट देऊळ. ओवरीच्या कोपऱ्यात नारळाच्या शेंड्यांचा ढीग, भिंतीला गुलाल, आणि त्या सगळ्यात घोंगडं डोक्यावरून घेतलेला माणूस भिंतीला टेकून बसलेला. माझ्या मनात आलं, केवढा वाळला हा!

जाऊबाईंनी पाट मांडला, निरांजन लावलं, शिवून आणलेली नवी टोपी ताटात ठेवली. त्याला ऐकू येत नाही हे विसरून, की आता येत असेल असं वाटून, देव जाणे, त्या म्हणाल्या, "जोतिबा, मी आक्का आलीया."

आणि घोंगड्यातून शब्द आले, स्वच्छ. "आक्का, जोतिबा हितं न्हाई."

जाऊबाईंनी घोंगडं ओढलं. आत भलताच माणूस. पिकली दाढी, दोन्ही डोळ्यांत पांढरं फूल पडलेलं. मी किंचाळले. जाऊबाईंच्या हातातलं ताट हललं नाही. त्या तशाच उभ्या, निरांजन जळतंय, आणि नजर त्या तोंडावर. मग म्हणाल्या, "माजा भाऊ कुठाय?"

तो आंधळा म्हणजे अर्जुना. कानडी मुलखाच्या कडेचा. त्याच्या माणसांनी त्याला जत्रेत बसवलं आणि परत आलीच नाहीत. भटकत भटकत तो ह्या ओवरीला लागला. जोतिबा रोज त्याला आपल्या भाकरीतली अर्धी मोडून द्यायचा. एकाला दिसत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही, पण दोघांचं जमलं. "हातानं बोलायचा माज्यासंगं," अर्जुना म्हणाला. "गेल्याच्या आदल्या साली, थंडीत मला ताप भरला. त्यानं आपलं घोंगडं माज्या अंगावर टाकलं. सकाळी मेंढरं गेली देवळापुढनं, घंटा वाजत व्हत्या. तवापासनं त्यो न्हाई, मेंढरांमागनं गेला आसंल. दुपारी आख्खी भाकरी माज्याच म्होरं आली."

"आन् तू गप बसलास?"

"भ्या वाटलं, आक्का. बोललो तर भाकरी तुटंल. पर मन खाया लागलं. आवंदा म्हनलं पोरीला, बाई, तुमचा मानूस गेलाय, हुडका त्याला. तर तिनं बोंब मारली आन् गावानं नारळ फोडलं. लय बोलाय बगितलं, पर आरतीत कोन ऐकतंय? गुलालानं तोंड भरलं माजं, मग परत भ्यालो."

दोन वर्षं होत आली होती! दोन वर्षं चार घरांची माणसं रोज थाळी ठेवत होती, रिकामी थाळी नेत होती, आणि थाळी रिकामी म्हणजे जोतिबा बरा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, म्हणतात. इथं सगळे डोळस दळत होते. माझा संताप संताप झाला. देवळाच्या पायरीवर उभी राहून मी असा आरडाओरडा केला, की भावकी झक मारत आली.

दादासो म्हणाला, "आमी पाळी कवा चुकवली न्हाई. इचारा कुनालाबी."

"पाळी कोण विचारतंय मेल्या? माणूस कुठाय?"

त्याची बायको बनुबाई पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "मला वाटलं व्हतं वो. पाय निराळं दिसलं व्हतं. पर तवा पाळी थोरल्या घरची व्हती. म्हनलं, ती बगतील."

तिचं थोबाड फोडावं असं मला वाटलं. जाऊबाईंनी माझा हात धरला.

पाटलाकडं गेलो. तो भला होता. म्हणाला, आजूबाजूच्या गावांना, मिरजेच्या फौजदाराला वर्दी देतो. मानूस दिसाय कसा हाय तेवढं सांगा. जाऊबाई नुसत्या हमसून हमसून रडत होत्या. तेव्हा पाटलानं भावकीला विचारलं. आणि काय सांगू, चारही घरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली! एक म्हणतो उंच होता, दुसरा म्हणतो मध्यम. दाढी होती का? असंल. काही खूण? दादासो म्हणाला, "घोंगडं असायचं की अंगावर." ज्याच्या रानातली ज्वारी खाऊन ह्यांची पोरं मोठी झाली, त्याचं नाक कसं होतं ते ह्यांना माहीत नाही.

मागून अर्जुना चाचपडत आला होता. त्यानं हात पुढं करून हवेत कुणाचं तरी तोंड धरावं तसं धरलं. "डाव्या भिवईवर जुनी खोक हाय. उजव्या करंगळीला नख न्हाई. वरचा एक दात आत वळलाय. आन् हाताला बांगडी लागली की हसतोय."

पाटलानं खाली मान घालून तेवढं लिहून घेतलं.

आम्ही मिरजेला थांबून स्टेशनात, दवाखान्यांच्या दारात, बाजारात हिंडलो. वाटेत मेंढरांचा तळ दिसला की जाऊबाई खाली उतरायच्या. झोपलेल्या माणसाच्या तोंडावरचं पांघरूण उचलून बघायच्या, शिव्या खायच्या, पुढं जायच्या. जोतिबा कुठं नव्हता. फौजदाराकडचा शिपाई म्हणाला, "बाई, सांगत आलाय दोन वरसांनी!" त्याचंही खरंच होतं.

तिकडं अर्जुनाची भाकरी त्याच दिवशी बंद झाली. आमचा मानूस न्हाई तर आमी का घालायची, हा भावकीचा हिशेब. त्याच्या जिवावर नारळ खाणाऱ्या पुजाऱ्यानंही त्याला हुसकलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात! परतताना जाऊबाईंनी त्याला बरोबर घेतलं. मी कुरकुरले नाही असं नाही, पण मोकळ्या हातानं परतायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. अर्जुना आमच्या बाहेरच्या सोप्यात राहिला, बैलांची दावी वळायला लागला. त्याला भाकरी वाढताना जाऊबाई आधी त्याच्या तोंडाकडं बघायच्या, मग ताट ठेवायच्या. रोज.

एक साल गेलं. दसरा झाला आणि बांधावर धुळा उभा.

"आक्का," तो म्हणाला, "ओवरीत परत कोन तरी बसतंय. भावकीनं पाळी सुरू केलीया, नारळ येत्यात. जोतिबाच परत आलाय म्हनत्यात."

माझं डोकं फिरलं. "तू बघितलंस का रे त्याचं तोंड?"

"न्हाई बा. घोंगडं व्हतं की अंगावर. पर बरा हाय, जेवतोय."

मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. बोलून मागं वळले, तर जाऊबाई बांधावर नव्हत्या. घरात गेले. त्या भाकरी फडक्यात बांधत होत्या. नवी टोपी गेल्या भाऊबीजेची तशीच होती, ती त्यांनी वर ठेवली.

"अहो जाऊबाई, तो नाही तिथं! तुम्हालाही माहीत आहे. कुणालातरी बसवलाय मेल्यांनी नारळासाठी!"

"व्हय गं," त्या म्हणाल्या, "पर तोंड कोन बगनार?"

आणि पायात वहाणा घालून निघाल्या.