माकडशिंगाची शेंग

नवी वनस्पती सापडली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी देखणं येतं. माझी वनस्पती म्हणजे बोटभर उंचीची, चार धारांची, मांसल हिरवी काडी. पानं नाहीत, आणि फुलली की मेलेल्या उंदराचा वास. आपल्याकडे माळरानावर गुराखी माकडशिंग तोडून कच्चं खातात ना, त्याचीच ही आजवर कुणी न नोंदवलेली बहीण. तीन वर्षांपूर्वी माहेरी गेले होते तेव्हा गावामागच्या टेकडीवर ती दिसली. तिच्या पाकळीच्या कडेचे जांभळे केस भिंगातून पाहिले आणि मी उन्हात फतकल मारून तिथेच बसले.

नवरा रेल्वेत इंजिनिअर. लग्नानंतर पाच बदल्या झाल्या आणि प्रत्येक बदलीत माझं वनस्पतिशास्त्र आधी खोक्यात आणि मग माळ्यावर गेलं. त्यामुळे ही काडी मला फार लागून राहिली होती. माझे जुने सर फोनवर म्हणाले, वर्णन तूच लिही, पहिलं नाव तुझंच राहील. पण फळ आणि बी पाहिल्याशिवाय वर्णन अर्धं, पाठवलंस तर परत येईल. टेकडीवर शेळ्या शेंग म्हणून धरू देत नव्हत्या. दोन हंगाम कोरडे गेले. शेवटी रीतसर परवानगी काढून दोन वेगवेगळ्या रोपांच्या काड्या मी नवऱ्याच्या बदलीच्या गावी, लखनौला आणल्या आणि मानक नगरच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत लावल्या.

एप्रिलमध्ये दोन्ही कुंड्या एकदम फुलल्या. पाकळ्यांची लांबी, रुंदी, केस, रंग, सगळं मी टिपलं. वासापुढे काय लिहावं याचा बराच विचार करून ‘उग्र’ असं सोज्वळ लिहिलं. कॉलेजात जाणारी मुलगी, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीतच सुचतं, म्हणाली, "मम्मा, या तो ये रहेगा या मैं." नवऱ्याने जेवणाचं ताट आतल्या खोलीत नेलं.

खरी पंचाईत वेगळीच होती. हा वास असतो माश्यांसाठी. माशी येते, तिच्या पायाला परागाची पिवळी पिशवी अडकते, ती दुसऱ्या फुलावर जाते, तेव्हा कुठे शेंग धरते. आणि आमच्या बाल्कनीला डासांची बारीक जाळी. जाळी काढावी तर डास घरभर, आणि घरचे वासानेच आधी वैतागलेले. मी सुईने परागांच्या पिशव्या उचलून दुसऱ्या कुंडीतल्या फुलात बसवून पाहिल्या. चष्मा लावून तासन्‌तास बसले, पण फुलं एकेक करून गळून गेली. उरलेल्या कळ्यांचे जेमतेम पंधरा दिवस होते, आणि ते गेले की पुढचं वर्ष. पुढच्या वर्षी पुन्हा बदलीची पाळी होती.

वास तर सगळ्या बिल्डिंगभर गेलाच होता. आपल्याकडे शेजारणीने बेल दाबून सरळ विचारलं असतं, काय मेलंय का हो घरात? इथे कुणी चकार शब्द काढेना. खालच्या मजल्यावरच्यांनी नाली साफ करणाऱ्या भैयाचा नंबर अगदी सहज बोलता बोलता दिला. वरचे गृहस्थ जिन्यात भेटले की तब्येतीची जरा जास्तच चौकशी करू लागले. या अदबीने मी शरमेने अर्धी झाले.

शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या अम्मांकडे गेले. नवऱ्याच्याच ऑफिसातल्या एका इंजिनिअरच्या या आई, मूळच्या लखनौच्या; मुलगा तेव्हा दौऱ्यावर, घरात त्या एकट्याच. मी माफी मागितली आणि सगळं सांगून टाकलं, कुंड्या उद्या उचलते म्हणाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, माश्याच हव्यात ना? आमच्या बाल्कनीला जाळी नाही, खाली कचऱ्याचा डबा आहे, माश्यांची काय कमी. मी म्हटलं, अम्मा, तुम्हाला सोसणार नाही. त्या म्हणाल्या, "बिटिया, हमें तो उस बुख़ार के बाद से कुछ महकता ही नहीं. आप रख दीजिए."

मी तेवढी मतलबी आहेच. दहा मिनिटांत कुंड्या तिकडे होत्या.

रोज सकाळी भिंग आणि वही घेऊन मी त्यांच्या बाल्कनीत बसायचे. अम्मा शेजारी खुर्ची टाकून चहा द्यायच्या. त्यांच्या कानात खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, अत्तराचा कापसाचा फाया असायचा. जुनी सवय असेल असं वाटून मी काही विचारलं नाही. सहाव्या दिवशी एक निळी माशी पायाला पिवळी पिशवी अडकवून दुसऱ्या कुंडीवर गेली. मी अम्मांचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मे महिन्यात दोन हिरवी शिंगं डोकावली. शेंग तडकून बी उडून जाऊ नये म्हणून अम्मांनी जुन्या मलमलीच्या ओढणीची पिशवी शिवली. जूनअखेर शेंग उकलली. आत रुईसारखं रेशीम आणि चपटं तपकिरी बी. ते मोजलं, चित्र काढलं, वर्णन पुरं करून सरांना पाठवलं. ‘आता पूर्ण झालं’ एवढंच त्यांचं उत्तर आलं. ते मी नवऱ्याला तीनदा वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मलिहाबादला जाऊन दशहरी आंब्यांची पेटी आणली आणि थेट अम्मांकडे गेले. त्यांनी जमिनीवर कागद पसरला आणि बोलता बोलता एकेक आंबा उचलून देठाशी नाकाजवळ नेऊ लागल्या. हा आज खा. हा परवा. याला अजून चार दिवस. तीन ढीग झाले.

"अम्मा, आपको तो कुछ महकता नहीं था."

त्यांचा हात थांबला नाही. "उस दिन कह देते तो आप गमले उठा ले जातीं. फिर आपका काम कैसे होता?"

दोन आठवडे, भर उन्हाळ्यात, बाल्कनीचं दार उघडं टाकून. त्यांनी आजच्या ढिगातला एक आंबा धुऊन माझ्या हातात दिला. तो मी त्यांच्यासमोरच, रडत रडत, कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर खाल्ला.