दाराआडून मुलाखत

राज्यं बदलली त्या वर्षी मी मॅट्रिक झाले. आमचं सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं, पण नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमची राजधानी भोपाळ झाली. बाबा सौंसरच्या शाळेत मास्तर होते. मीही मास्तरीण व्हावं, हे घरात कुणी न बोलताच ठरलं होतं. मला मात्र शिकवायची आवड नव्हती. वर्तमानपत्रात टेलिफोन खात्याची जाहिरात आली. ऑपरेटर म्हणून मुलीही घेणार होते. अर्ज करते म्हटल्यावर बाबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तू टेलिफोन पाहिला तरी आहेस का कधी?"

पाहिला नव्हता. माझे मामा पांढुर्ण्याला एका कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत मुनीम होते आणि तिथल्या ऑफिसात टेलिफोन होता, म्हणून बाबा मला मोटरीनं पांढुर्ण्याला घेऊन गेले. मालक जेवायला घरी गेल्यावर मामांनी हँडल फिरवून रिसीव्हर माझ्या हातात दिला. कानात एका पुरुषाचा आवाज आला, "नंबर?"

माझ्याकडे नंबर कुठला असणार?

"मला कुणाशी नाही, तुमच्याशीच बोलायचं आहे," मी म्हणाले. मामांनी कपाळाला हात लावला.

पलीकडच्या ऑपरेटरनं काय काम आहे ते विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि वडिलांना घेऊन दुपारी एक्स्चेंजमध्ये या, म्हणाला.

एक्स्चेंज म्हणजे पोस्टातली मागची खोली. तिथं भिंतीशी एक लाकडी बोर्ड होता. गावात कुणी हँडल फिरवलं की बोर्डावरची एक बारीक झडप टपकन पडायची. मग ऑपरेटर दोरीच्या टोकाची पितळी खुंटी भोकात खोचून नंबर विचारायचा. मला ते सोपं वाटलं. तेवढ्यात नागपूरची लाइन लागत नाही म्हणून एक व्यापारी फोनवरून त्याच्यावर इतका ओरडला की बाबांनाही ऐकू आलं. ऑपरेटर शांतपणे "हो शेठजी, लावून राहिलो" एवढंच म्हणत होता.

"हाताचं काम ते लोक शिकवतेत," तो मला म्हणाला. "समोरचा ओरडून राहिला तर तुमचा आवाज चढते का, तेवढं पाहतेत. अन् मुलाखत आता नागपूरले नाही, जबलपूरले. हिंदी पक्की करा."

त्यानंतर आमच्या घरी रोज मुलाखत होऊ लागली. ऑपरेटरचा चेहरा कुणाला दिसत नाही, म्हणून बाबा दार लोटून घेत आणि पलीकडून हिंदीत चिडलेलं गिऱ्हाईक होत. त्यांना चिडता येत नसे. मी आतून आपल्या 'लावून राहिली'चं शब्दशः हिंदी करून "मैं लाइन लगा के रही हूँ" म्हणाले की त्यांना हसू यायचं आणि मुलाखत तिथंच थांबायची. आई मात्र हसत नव्हती. मास्तरीण झालीस तर गावात राहशील, तिकडे तुझं कोण आहे, हे तिनं एकदाच म्हटलं.

जबलपूरला छोट्या लाइनच्या, अरुंद रुळांवरच्या गाडीनं बाबा सोबत आले. मुलाखतीच्या खोलीत दोन साहेब होते आणि एक्स्चेंजच्या मुख्य बाई होत्या. घर, शाळा, ही नोकरी कशाला हवी, अशा प्रश्नांची उत्तरं मी पाठ केल्यासारखी दिली, आणि ती पाठच होती. मग त्यांनी मला शेजारच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं. पलीकडून त्या दोघांतले एक साहेब गिऱ्हाईक होऊन बोलू लागले. ते ओरडतील याची तयारी मी केली होती. ते ओरडले नाहीत. वडील दवाखान्यात आहेत, घरी कळवायचं आहे, असं काही सांगता सांगता त्यांचा आवाज फाटला. मी सगळी हिंदी विसरले.

"थांबा काका, घाबरू नका," माझ्या तोंडून मराठीच निघालं. "मी इथंच आहे. लाइन लावून राहिली."

मग काहीच ऐकू आलं नाही. बोलावल्यावर मी मान खाली घालून आत गेले. मुख्य बाईंनी मी काय म्हटलं ते हिंदीत सांगायला लावलं, मग विचारलं, "हे तर नाटक होतं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मी म्हणाले. "पण ते खरंच रडून राहिले असं वाटलं."

त्या हसल्या नाहीत. हिंदी सुधारावी लागेल, एवढं म्हणून त्यांनी मला जायला सांगितलं. परतीच्या गाडीत बाबा मला संत्री सोलून देत राहिले.

निवड झाली. आई आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही, आणि निघायच्या दिवशी स्वतःचीही ट्रंक भरून तयार झाली. जबलपूरच्या भाड्याच्या खोलीत पहिले काही महिने ती माझ्याजवळ राहिली. संध्याकाळी मी घरी आले की आज कुणाकुणाचे फोन जोडले ते विचारायची. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, असा एक्स्चेंजचा नियम होता. आईला तो मुळीच पटला नव्हता.

"बरं, नको सांगू," एकदा ती पोळी लाटता लाटता म्हणाली. "पण बोलणं तरी झालं ना त्यांचं?"

"झालं," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," म्हणून तिनं पोळी तव्यावर टाकली.