कपाटातला पतंग आणि सासऱ्यांची शेरवानी

माझ्या छंदापायी सासऱ्यांना महिनाभर स्वतःचं कपाट उघडता आलं नाही. छंद साधा होता. दिव्याभोवती येणाऱ्या पतंगांचे फोटो काढायचे आणि जात ओळखायला जाणकारांच्या ग्रुपवर टाकायचे. (पुण्याहून बदली होऊन हैदराबादला आलो तेव्हा माझी पतंगांशीच आधी ओळख झाली.)

सासुरवाडी सुलतान बाजारात. महिन्याभरावर मेहुणीचा साखरपुडा होता. त्यात सासरे आपल्या वडिलांची लोकरी शेरवानी घालणार होते. मुलींच्या कार्यात तीच घालायची, हा घरचा रिवाज.

त्यांच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूला, मला एक इवलासा सोनेरी पतंग दिसला. फोटो टाकला. एक जाणकार म्हणाले, मागचे पंख दाखवा. दुसरे म्हणाले, पोट दाखवा. तिसऱ्यांना ते भाताचं तूस वाटलं. माझा पार गोंधळ उडाला. एखादी नवीच जात असली तर!

सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "कसर आहे ती. कपडे खाते."

"आई, असं नुसतं बघून सांगता येत नाही," मी समजावलं.

त्या बेगम बाजारातून डांबरगोळ्या आणायला निघाल्या होत्या, त्यांना मी थांबवलं. पतंग पळून जाऊ नये म्हणून कपाटातल्या जुन्या गोळ्याही काढल्या. वर, निकाल लागेपर्यंत कपाट कोणी उघडायचं नाही, अशी ताकीद दिली. जावई म्हणून सगळ्यांनी ऐकलं. (इथेच चुकलं.)

महिनाभरात ग्रुपवर त्या एका पतंगाच्या सहा जाती झाल्या. साखरपुड्याच्या सकाळी एका बाईंनी विचारलं, तो खातो काय, ते बघितलंत का? बघितलं नव्हतं. कपाट उघडलं. आधी आठदहा सोनेरी पतंग बाहेर आले, मग शेरवानी. पाठीची चाळण झाली होती.

सासऱ्यांनी ती उजेडात धरली आणि भोकांतून माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हौ जावईबापू," ते म्हणाले, "नाव कळलं का मग याचं?"

"कसर," मी म्हणालो.

रिवाज मोडायचा नव्हता. त्यांनी तीच शेरवानी घातली आणि भोकं झाकायला मला दिवसभर पाठीशी उभं केलं. ते वळले की मी वळायचो, ते वाकले की मी वाकायचो. प्रत्येक फोटोत त्यांच्या खांद्यावरून माझं अर्धं कपाळ दिसतं.

परवा नव्या व्याह्यांनी अल्बम पुढे करून विचारलं, हे तुमच्या मागे कोण?

सासऱ्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"फोटोवरनं काय सांगता येतंय हो," ते म्हणाले आणि पान उलटलं.