रोंडाची निळी खुर्ची

टेक्सासमधल्या तमाम शुगर लँडकरांना, विशेषतः आमच्याकडे चहाला येऊन गॅरेजमधल्या खुर्च्या परस्पर ओढून आणणाऱ्यांना, अत्यंत गांभीर्यानं जाहीर करण्यात येत आहे की, डाव्या भिंतीला टेकवलेली निळी घडीची खुर्ची यापुढे कोणालाही मिळणार नाही. हट्टानं बसणाऱ्याला चहा बिनसाखरेचा मिळेल. ती खुर्ची रोंडाची आहे आणि रोंडाला जाऊन आज सहा आठवडे झाले.

बातमी आली तेव्हा मी दाणे भाजत होते. फोनवर तिची मुलगी किम होती. किमला मराठीतला एकच शब्द येतो आणि तो ती लहानपणापासून माझ्यावर खर्च करते. "मावशी," ती म्हणाली, "मॉम झोपेतच गेली." मी अनवाणीच पलीकडच्या घरी धावले. परत आले तेव्हा दाण्यांचा कोळसा झाला होता आणि घरभर धूर... तो वास पडद्यांना अजून आहे.

एकोणीस वर्षं आम्ही शेजारणी. ती डायलिसिस सेंटरमध्ये नर्स होती. पण तिची माझी ओळख, खरं सांगायचं तर, त्याही आधीची. मी अमेरिकेत नवी होते तेव्हा नवरा ऑफिसला गेला की दिवसभर टीव्ही बघून इंग्रजी घोटायचे. त्या मालिकांत नायिकेची एक ब्लॅक मैत्रीण हमखास असायची. ती दार न वाजवता स्वयंपाकघरात घुसायची, कमरेवर हात ठेवून एक झणझणीत वाक्य टाकायची आणि हशा ओसरायच्या आत नाहीशी व्हायची. रोंडा पलीकडे राहायला आली, माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीकडे बघून म्हणाली, "हनी, या झाडाचे जेवढे लाड होतायत तेवढे माझ्या नवऱ्यानं माझे केले नाहीत!" हसून हसून मी कुंपण धरलं. मनात म्हटलं, आली बाई माझी मैत्रीण, थेट टीव्हीतून!

आता माझा गुन्हा. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एकांकिका मी बसवते. लिहिते मी, ओरडते मी, पडदा अडकला तर ओढतेही मीच. एका वर्षी रोंडासाठी खास भूमिका लिहिली. मराठी जोडप्याचं कडाक्याचं भांडण, शेजारीण घुसते, तीन वाक्यं फेकते, भांडण खलास, टाळ्या. तिची मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहून दिली आणि आमच्या गॅरेजमध्ये तालीम लावली. निळ्या खुर्चीत बसून तिनं सगळं वाचलं, कागद मांडीवर ठेवला आणि माझ्या कानांनी तोवर कधीच न ऐकलेल्या हळू, सपाट आवाजात विचारलं, "मॅडी," मला ती याच नावानं हाक मारायची, "ही बाई राहते कुठे?"

"शेजारी."

"तिच्या घरी कोण असतं?"

चार पात्रांच्या नाटकात सोफ्याचा रंगसुद्धा मी लिहिला होता आणि या बाईला घरच दिलं नव्हतं.

मग ती बोलत राहिली. लहानपणी टीव्हीवर एखादी ब्लॅक बाई दिसली की तिची आई हातातलं काम टाकून हाका मारायची, सगळी भावंडं धावत यायची, शेजारी फोन जायचे, आपलं माणूस दिसतंय म्हणून. आणि दिसायची ती हीच, हसवून निघून जाणारी. "आम्ही मुली आरशासमोर तिचा आवाज काढायचो. मला तो सगळ्यात छान जमला. शाळेत चालला, कामावर चालतो, पेशंट खूश असतात. नवरा त्या आवाजाच्याच प्रेमात पडला गं. घरी येऊन मी तो उतरवून ठेवला, गप्प बसले, की विचारायचा, तुला राग कशाचा आलाय? राग नव्हता. मी फक्त दमलेली असायचे." तो सोडून गेला तेव्हा म्हणाला होता, तुला कुणाची गरजच नाही.

"मग हा आवाज माझ्यासमोर कशाला काढतेस?" मी विचारलं.

"कारण तू हसतेस," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी आम्ही नाटकाच्या शेवटी एक प्रवेश वाढवला. त्याचं काय झालं ते सगळ्यात शेवटी सांगेन. नाटकवाल्या बाईला एवढी सूट द्या.

त्यानंतर गॅरेजमध्ये ती आली की आम्ही पुष्कळदा न बोलता बसायचो. मी न बोलता बसू शकते यावर माझ्या घरच्यांचा आजही विश्वास नाही. पण बाहेर, चारचौघांत, तो आवाज होताच आणि मीही त्याला भुलायचेच. शेवटची भेटली ती टपालाच्या पेटीपाशी. हातात दोन जड पिशव्या. "मॅडी, मी इतकी दमलेय ना, की मेल्यावर स्वर्गात जायच्या आधी एक डुलकी काढीन!" मी हसले. सगळं ठाऊक असून हसले... पिशवीसुद्धा घेतली नाही हातातली. नऊ दिवसांनी किमचा फोन आला.

चर्चमध्ये जो उठला तो एकच सांगत होता, रोंडा किती खंबीर होती. किम माझा हात दाबून बसली होती. "मावशी," ती कुजबुजली, "मॉम दमलेली यातल्या कुणी कधी पाहिलीच नाही का?"

"एका माणसानं पाहिली होती," मी म्हटलं आणि घरी आणून तिला त्या खुर्चीसमोर उभं केलं.

तो प्रवेश असा. भांडण मिटवून शेजारीण आपल्या घरी येते. रिकामा रंगमंच, निळी खुर्ची. ती बसते, बूट काढते, एक शब्द बोलत नाही. बस, एवढंच. "लोक विनोदाची वाट बघतील," रोंडा म्हणाली होती. बघितलीच. कुणी खोकलं, कुणी उगीच हसून थांबलं. रोंडा तळपाय चोळत बसून राहिली. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या सुलभाकाकू, वय चौऱ्याऐंशी, निवृत्त भूलतज्ज्ञ, कानाचं यंत्र घरी विसरलेल्या, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात कडाडल्या, "अरे, बघत काय बसलाय सगळे? दमून आलीय ती! पाणी द्या ना कुणीतरी तिला!"